एक नंबरचा बिल्ला

आमचं जहाज वयानं माझ्यापेक्षा मोठं. इंग्रजांनी बांधलं, भरपूर वापरलं आणि मग आपल्याला विकलं. वाफेवर चालायचं. मी त्यावर दोनदा नोकरी केली. आधी साधा खलाशी, नंतर बॉयलर रूमचा चीफ. लोक विचारतात, "येरवड्याचा माणूस नेव्हीत कसा?" मुळा-मुठेत सराव केला म्हणून सांगतो.

पहिल्या पोस्टिंगला बॉयलर रूमला आग लागली. तिथं नियम एकच. माणसं वर काढा, हॅच, म्हणजे लोखंडी झाकण, बंद करा आणि आत वाफ सोडून आग विझवा. धुरात कुणीतरी ओरडलं, "सगळे वर आले!" हॅच मी बंद केली. भवानी पेठेतला गफूर शेख खालीच राहिला होता. माझा जिवाभावाचा दोस्त. सुट्टीला आम्ही एकाच गाडीनं पुण्याला यायचो.

चीफ होऊन परत गेलो, तेव्हा आधी हॅचजवळ बोर्ड ठोकला. खाली जाताना आपला पितळी बिल्ला तिथं अडकवायचा, वर आलं की काढून घ्यायचा. एक नंबरचा बिल्ला कुणालाच दिला नाही. तो माझ्या खिशात असायचा.

नव्वदीची सुरुवात. जहाज भंगारात निघणार होतं, ही शेवटची सफर. दुपारी १४:१० ला तेलाची नळी फुटली, आग लागली. १४:१६ ला माणसं वर. बोर्डावर आठ नंबर लटकत होता. मेकॅनिक सुतार.

फोनवर इंजिनिअर ऑफिसर : "चीफ, हॅच बंद."

"एक बिल्ला शिल्लक आहे, सर."

"तेलाची टाकी तापतेय. दीडशे माणसं आहेत जहाजावर."

"दोन मिनिटं द्या, सर."

"दोनच."

माइकवर सुतारचं नाव पुकारलं. उत्तर नाही. मी मास्क चढवला. शिडीवर पाय ठेवला आणि स्पीकर वाजला, "सुतार अप्पर डेकवर आहे. पाइप ओढतोय."

जीव भांड्यात पडला. हॅच बंद, वाफ सुरू. १४:४० ला आग विझली.

शहाणा मागच्या इमर्जन्सी शिडीनं वर आला होता. बोर्ड वाटेत लागलाच नाही आणि पंपाच्या आवाजात नाव ऐकू गेलं नाही. त्याच्या कानाखाली एक वाजवली, मग मिठी मारून रडलो. तो म्हणाला, "चीफ, आधी काय ते एक ठरवा!"

आता मुलगी हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. गळ्यात कार्ड असतं. आत जाताना दाखवायचं, बाहेर येतानाही. "बाबा, तुमचाच बोर्ड आहे हा," ती म्हणते. आमच्या घराच्या दाराशी दोन खिळे आहेत. एकावर एक नंबरचा बिल्ला. संध्याकाळी ती येते, शेजारच्या खिळ्याला कार्ड अडकवते. मग मी दाराला कडी लावतो आणि बिल्ल्याकडे बघून म्हणतो, "गफूर, मोजलेत रे. सगळे आलेत."