पेट्रोलमधला कचरा

माझ्या दिरांचं सगळ्या बिघाडांवर एकच निदान असतं : कचरा. विहिरीवरची मोटर बंद पडली, कचरा. मिक्सर अडकला, कचरा. त्यामुळं आमची वीस वर्षांची गाडी रस्त्यात बंद पडायला लागली, तेव्हा ते कुंडलहून मोटारसायकलवर आले आणि मी बॉनेट उघडायच्या आतच म्हणाले, "वैनी, पेट्रोलमधी कचरा हाय."

भाऊजी फौजेतून निवृत्त झालेले. तिथं ते भांडारात होते. जवानांना ब्लँकेटं आणि बूट वाटायचे. हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्यातलं एक ब्लँकेट आमच्या माळ्यावर आहे. पण गावाकडं परतल्यापासून लष्कराच्या एकूण एक ट्रकचं इंजिन त्यांनी स्वतःच्या हातानं उघडलेलं होतं, आणि सीमेवर बर्फात जी गाडी कुणालाच सुरू होत नव्हती ती त्यांनी केली होती. त्या गाडीतही कचराच निघाला होता.

मी माधवनगरला राहते. सांगलीच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. गाडी मीच चालवते. ह्यांना येत नाही, आणि येत नाही हे ते सरळ सांगतात. बॉनेटभोवती जमणाऱ्या पुरुषांत हा गुण किती दुर्मिळ आहे हे मला त्या वर्षी कळलं.

दुखणं असं होतं. सकाळी गाडी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. बाजार करून यायची. पण तासभर चालून इंजिन चांगलं तापलं, की चालता चालता गप्प. आचका नाही, धूर नाही. अर्धा तास उभी राहिली की पुन्हा पहिल्या किल्लीला सुरू.

भाऊजींच्या सांगण्यावरून आम्ही पेट्रोलचा फिल्टर बदलला. गॅरेजपासून घरापर्यंत गाडी उत्तम चालली. ते अंतर दहा मिनिटांचं आहे. भाऊजींनी फोनवर विजय जाहीर केला. चौथ्या दिवशी मी इस्लामपूरहून येताना गाडी बंद पडली. मग प्लग बदलले. मग टाकीतला पंप बदलला. दर वेळी तीच दहा मिनिटं, तोच विजय.

शेवटी सांगलीतल्या एका काचेच्या गॅरेजात नेली. तिथला तरुण मेकॅनिक स्वच्छ गणवेशात होता. त्यानं गाडीला वायर लावली आणि पडद्याकडं बघत म्हणाला, "मॅडम, कम्प्युटरमध्ये काहीच फॉल्ट दिसत नाही."

"पण ती बंद पडते."

"इथं तर चालू आहे."

मी म्हटलं, "तापल्यावर बंद पडते. तापवून बघ."

"तेवढा वेळ कुठून आणायचा मॅडम? गाडी जुनी झालीय, काढून टाका."

तीस वर्षांत मला अशी मुलं पुष्कळ भेटली. उत्तर सापडलं नाही की प्रश्नच चुकीचा आहे म्हणणारी. फरक इतकाच की मी त्यांना नापास करू शकत होते.

माधवनगरात बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून एक म्हातारा वायरमन बसायचा. गाड्यांचं विजेचं काम करायचा. त्याच्याकडं कसलाच पडदा नव्हता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. इतक्या महिन्यांत वाक्य पुरं होऊ देणारा तो पहिलाच.

"बंद पडल्यावर तुमी काय बघितलं?" त्यानं विचारलं.

"काय बघायचं?"

"किल्ली लावल्यावर मागं पंपाचा आवाज येतो का ऐकायचं. आला तर पेट्रोलचं दुखणं बहुतेक न्हाई. मग स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा बघायचा. हलला तर ठीक. मेल्यागत पडून राहिला, तर इंजिन फिरतंय हे गाडीला कळतच न्हाई. मग ठिणगी कवा द्यायची ते तिला कसं कळावं?" आणि त्यानं इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथला अंगठ्याएवढा काळा सेन्सर दाखवला. "ह्यो तापला की झोपतो. आता गार हाय, आता शाणा हाय. बंद पडल्यावर ह्याच्यावर ओलं फडकं ठिवा. सुरू झाली तर हाच चोर. आणि आंदाजानं काय बी बदलू नका."

मला शरम वाटली. मुलांना प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' वेगळं लिहायला लावणारी बाई मी, आणि माझ्या गाडीत तीन नवे भाग निव्वळ दिराच्या अनुमानानं बसले होते.

मार्चमध्ये आटपाडीला एका चुलत पुतणीचा साखरपुडा होता. भाऊजी आदल्या दिवशीच आमच्याकडं मुक्कामाला आले. सकाळी पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि माझ्या शेजारची सीट. ह्यांना मागं बसवलं. तासगाव सोडून चढाला लागलो, ऊन वाढलं, आणि एका बेदाण्याच्या शेडसमोर गाडी नेहमीसारखी गप्प झाली.

"क्लच दाबून धरता तुमी वैनी," भाऊजी म्हणाले. "बाईमाणसाच्या हातात गाडी असली की आसंच."

मी किल्ली लावली. मागून पंपाची बारीक गुणगुण आली. स्टार्टर मारला. इंजिन फिरत होतं आणि काटा शून्यावर मेल्यागत पडून होता.

"काटा बघितला?" मी ह्यांना विचारलं.

"हललाच नाही," हे म्हणाले. त्यांना अर्थ कळला नव्हता, पण निरीक्षण बिनचूक होतं.

तोवर भाऊजी उतरून बॉनेट उघडून बसले होते. एक ट्रॅक्टरवाला थांबला. तो म्हणाला बॅटरी गेली. त्याच्या मागून आलेला मोटारसायकलवाला म्हणाला इंजिन बसलं, आता क्रेन बोलवा. दोघंही न विचारता बोलले आणि न हसता बोलले.

"कचराच हाय," भाऊजींनी निकाल दिला. "पायपात अडकलाय. फुकून काढतो."

"भाऊजी, ती नळी काढू नका. पंपाचा दाब आहे तिच्यात. इंजिन तापलंय."

"वैनी, लय गाड्या बघितल्यात मी."

त्यांनी नळी ओढली. पेट्रोलची पिचकारी थेट त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर, मानेवर, एका कानात. ट्रॅक्टरवाला विडी ओढत होता, तो ती फेकून देऊन शेजारच्या उसात पळाला. मी भाऊजींना शर्ट काढून लांब उभं राहायला सांगितलं. ते बनियनवर उभे राहिले. पेट्रोल अगदी स्वच्छ होतं. तेवढं तरी सिद्ध झालं.

शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायका बाहेर आल्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईनं मला विचारलं, "गार झाल्यावर चालतीया का?"

वायरमन सोडला तर एवढ्या महिन्यांत हा प्रश्न एकाही पुरुषाला सुचला नव्हता. मी म्हटलं, "चालते." ती म्हणाली, "मग गार करा की," आणि घागर आणायला गेली.

मी नळी नीट बसवली, सांडलेलं पेट्रोल वाळू दिलं, आणि ओलं फडकं त्या सेन्सरवर धरलं. तापलं की पुन्हा भिजवून धरलं. मग किल्ली फिरवली. काटा उडाला, इंजिन सुरू झालं. मोटारसायकलवाल्यानं किक मारली आणि तो निघून गेला. आटपाडीपर्यंत गाडी आणखी दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा फडक्यानं सुरू झाली.

साखरपुड्याला आम्ही पोचलो तेव्हा पंगत बसली होती. भाऊजी कुणाचा तरी आखूड शर्ट घालून पंगतीत सांगत होते, "पायपातनं कचरा काढला, मग झाली सुरू." मी वाढप थांबवून सगळ्यांसमोर म्हटलं, "कचरा नव्हता. सेन्सर आहे. कचरा काढताना तुम्ही पेट्रोलनं आंघोळ केली." लोक हसले. भाऊजींनी जिलेबी बाजूला सारली आणि परत जाताना ते एसटीनं गेले.

वायरमननं नवा सेन्सर बसवला आणि ते दुखणं संपलं. मी मात्र फुगले. शेजारणींना काटा आणि पंपाचा आवाज समजावून सांगू लागले. म्हणून दिवाळीच्या आधी एका सकाळी गाडी किल्ली फिरवल्यावर नुसती टक् म्हणाली, तेव्हा मी कुणाला बोलावलं नाही. फ्यूज काढून बघितले, रिले अदलाबदल केले. दोन दिवस वही घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी उसाची कांडी घेऊन आले. आटपाडीनंतर पहिल्यांदाच. माझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून बॉनेटपाशी उभे राहिले, आणि टेकायला हात ठेवला तो बॅटरीवर. टर्मिनल हातासरशी हललं. त्याखाली पांढरी भुकटी साचली होती.

"वैनी," ते म्हणाले, "हितं कचरा हाय."

आणि होता. गरम पाणी ओतून, ब्रशनं घासून मी तो काढला, नट आवळला, गाडी सुरू झाली. भाऊजी शेजारी उभे राहून शेवटपर्यंत सूचना देत होते, आणि मला एकाही सूचनेला नाही म्हणता आलं नाही. चहा पिताना त्यांनी ह्यांना सीमेवरच्या बर्फातल्या गाडीची हकीकत पहिल्यापासून सांगितली. हे मान डोलावत राहिले. मी आत जाऊन ऊस सोलला.