प्रत्येक वांग्याला चिंधी

आमच्या पिंपळगाव राजाच्या मळ्यात बियाण्याचं वांगं निवडायचा मान बाबांचा. वाफ्यावाफ्यातून फिरून ते एखादंच वांगं हेरायचे आणि त्याच्या देठाला चिंधी बांधायचे. चिंधीचं वांगं कोणी तोडायचं नाही. ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. बाबांचं बी न्यायला लोक चार-चार कोसांवरून यायचे.

मी सातवीत होते तेव्हा विहिरीवर मोट हाकताना नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, तुटला. नाड्यावर बसलेले बाबा तोंडावर आपटले आणि कपाळ दगडावर फुटलं. महिन्याभरात जखम भरली. पाढे येत होते, सोयरेधायरे ओळखू येत होते, बोलणं साफ होतं. माय म्हणाली, देवानं वाचवलं. कसलं वाचवलं? त्या हंगामात बाबांनी मळ्यातल्या प्रत्येक वांग्याला चिंधी बांधली. एकही सोडलं नाही. अख्खा मळा पिवळा पडला, बाजारात एक टोपली गेली नाही आणि गाव हसलं. मी विचारलं तर म्हणाले, "हेबी चांगलं हाये, थेबी चांगलं हाये. कोनतं सोडू?"

त्याच साली मी सातवी पास झाले. तेव्हा सातवीवर मास्तरीण होता यायचं. शाळेतल्या बाईंनी बुलढाण्याच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणून दिला. मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काहीच व्हायचं नव्हतं. पालकाची सही हवी होती आणि मुदत आठ दिवसांची.

बाबा रोज फॉर्म मांडीवर घेऊन बसायचे. "शिकली तं मान भेटते. घरी राह्यली तं मायले हात होते." सगळं बरोबर तोलायचे आणि पेन खाली ठेवायचे. "उद्या सांगतो, पोरी."

मी काकांकडे गेले. काका म्हणाले, "भाऊ जिता असताना मी सही कशी करू? लोक थुंकतीन." माय म्हणाली, "तुया बाप म्हनीन तसं."

शेवटच्या दिवशी माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "नाही म्हना, पन काही तं म्हना. तुम्ही त्या दिवशी मेले असते तं बरं झालं असतं. काकानं सही तं केली असती."

बाबांनी यावरही विचार केला. मग हळूच म्हणाले, "थेबी खरं हाये."

मुदत गेली. पुढच्या वर्षी काकांनीच सोयरीक पाहिली आणि मी सासरी आले. बाबा गेले तेव्हाही माझ्या मनातला राग गेला नव्हता. नेभळट माणूस, मी म्हणायची. चारचौघांत म्हणायची.

फार वर्षांनी सासऱ्यांना लकवा झाला, म्हणून मी अकोल्याच्या दवाखान्यात महिनाभर होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सहज बाबांचं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हिशोब मेंदूत एकीकडे होतो आणि 'मला हेच हवं' हे वाटणं दुसरीकडून येतं. कपाळामागं दोन्हींची गाठ पडते तेव्हा माणूस ठरवतो. ती वाट तुटली की बिचारा नुसता तोलत बसतो. त्यांना कळत असेल सगळं, पण ठरवता येत नसेल."

मी बाहेर बाकड्यावर येऊन बसले. आधी रडू आलं, आणि मग संताप आला. बाबांचा नाही, आमचा. कारण मायच्या कपाळाला दगड लागला नव्हता. काकांच्याही नाही. त्यांच्या वाटा शाबूत होत्या, तरी ज्याला ठरवता येत नव्हतं त्याच्याच तोंडाकडे सगळे बघत बसले.

आणि मी? बाबांची सही मला त्यांच्यापेक्षा सुबक यायची. चार वर्षं माझ्या प्रगतीपुस्तकावर त्यांच्याच सांगण्यावरून मीच ती करत होते. रोज संध्याकाळी ते फॉर्म माझ्या हातात परत द्यायचे. रात्रभर तो माझ्याच दप्तरात असायचा.