पोळ्याची घोडी

कमी बोलणाऱ्या माणसाच्या हातून घोळ होत नाहीत, असं वाटतं ना तुम्हाला? मग चहा घ्या आणि माझं ऐका.

लग्नाला जेमतेम पाच महिने झालेले. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, माझ्या धाकट्या दिराचं, ओंकारचं लग्न. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी मला सुनेचं पहिलं काम सोपवलं. "वरातीची घोडी तू बघ, मधुरा. पांढरीशुभ्र हवी हं!"

मी बुक केली. दोन दिवस आधी फार्मवाल्या कर्स्टनबाईंचा फोन. पांढरी घोडी लंगडतेय, तिच्याऐवजी स्वतःची लाडकी घोडी लोटे आणते. आता रंग विचारायला नको? मी म्हटलं, "ओके, थँक यू!"

लग्नाच्या सकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये लोटे ट्रेलरमधून उतरली आणि मी बघतच राहिले. दुधासारखं अंग आणि त्यावर मानेपासून शेपटीपर्यंत काळे-तपकिरी ठिपके! खुरांवरसुद्धा उभ्या पट्ट्या!

माझं माहेर यवतमाळचं. पोळ्याला आम्ही बैलांच्या अंगावर अस्सेच ठिपके काढतो. मला वाटलं, कुणीतरी मराठी माणसाने बाईंना पोळ्याचे फोटो दाखवले आणि बिचारीने आपल्यासाठी रात्रभर बसून घोडी रंगवली. खुरंसुद्धा! केवढी ही हौस! माझे डोळे भरून आले.

पण सासूबाईंना पांढरी हवी होती. आणि वरातीला उरला होता पाऊण तास.

कर्स्टनबाई परवानगीच्या कागदावर सही करायला आत गेल्या. मी पर्समधले वेट वाइप्स काढले. पहिल्याच फटक्यात वाइप मळला! (धूळ होती हो ती. पण मला कुठे कळायला?)

तेवढ्यात नवरा आला. "काय करतेयस?"

"निखिल, रंग निघतोय! तू मागचा पाय घे."

"मी? मागचा? यार, लाथ मारली तर?"

"ती नाही मारायची. बघ ना कशी उभी आहे."

खरंच, कान हलवत शांत उभी. डोळ्यांत माणसासारखं पांढरं. मी पुसत होते आणि ती माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच नवी, मलाच सांभाळून घ्यायचंय.

ठिपके मात्र ढिम्म. मग आठवलं, बाबा बैलांचा ऑइलपेंट तेलाने काढायचे. सासूबाईंच्या केसांसाठी आणलेली खोबरेलाची बाटली पर्समध्ये होतीच. चोळली सगळी.

ठिपके जे चमकायला लागले म्हणता!

"व्हॉट आर यू डूइंग, हनी?" मागे कर्स्टनबाई.

आयुष्यात पहिल्यांदा मी सगळं भडाभडा सांगितलं, बैलांसकट. त्या इतक्या हसल्या की लोटेच्या मानेला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, हे ठिपके जन्माचे, खुरांच्या पट्ट्यासुद्धा. ही जात डेन्मार्कची, नॅबस्ट्रपर. दोनशे वर्षांपूर्वी एका खाटकाने स्पॅनिश अधिकाऱ्याची ठिपक्यांची घोडी घेतली, ती पुढे एका जमीनदाराकडे गेली आणि तिच्यापासून हा वंश चालला. लढाईत यांच्यावर बसलेले अधिकारी शत्रूला लांबूनच दिसायचे, मग गोळ्या त्यांच्यावरच! पुढे सर्कशीने यांना डोक्यावर घेतलं. दोन शिंगरांचे ठिपके कधी सारखे नसतात. आणि आता जगभरात अशा घोड्या अगदी थोड्या उरल्यात.

मी हात मागे घेतला. दोनशे वर्षं माझ्यासमोर उभी होती आणि मी ती वाइपने पुसायला निघाले होते!

ढोल वाजला. सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन आल्या आणि थबकल्या. "मधुरा, पांढरी सांगितली होती ना मी?"

मी घाबरले, पण बोलले. खाटीक, जमीनदार, लढाई, सर्कस, एकही टप्पा सोडला नाही. पाच महिन्यांत बोलले नव्हते एवढं एका दमात! भोवती वऱ्हाड जमलं. एक काकू म्हणाल्या, "बाई, हिला बोलता येतं?"

सासूबाईंचा चेहरा हळूहळू निवळला. त्यांनी लोटेला कुंकू लावलं, मायेने मानेवरून हात फिरवला. मग थांबल्या. बोटं एकमेकांवर चोळली. नाकाशी नेली.

"सगळं पटलं गं," त्या म्हणाल्या. "फक्त एवढं सांग, डेन्मार्कमध्ये नारळ कधीपासून व्हायला लागले?"

त्या भागाचा इतिहास मला कर्स्टनबाईंनी सांगितला नव्हता.