सखुबाईच्या डोळ्यातले धागे

चारकोपच्या त्या लॅबमध्ये सुलक्षणाताई वीस वर्षं मायक्रोस्कोपवर बसतात. त्याचा दिवा आता पार म्हातारा झालाय. फोटो मधोमध उजळ आणि कोपऱ्यांना काळपट येतो. नवा दिवा मागून मागून ताईंचं तोंड दुखलं. शेवटी त्यांनीच एक रीत बसवली. काचेवरच्या नमुन्याचा फोटो काढला की काच रिकाम्या जागी सरकवायची, दिव्याला हात न लावता तिथला कोरा फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. दिव्याची सावली दोन्हीकडे सारखी, ती जाते. काचेवर खरोखर आहे ते राहतं.

मालकांना एवढा वेळ कुठला परवडायला! त्यांनी हर्षदला आणलं. हा आधी कुर्त्यांच्या जाहिरातींचे फोटो करायचा. मागचं सगळं पांढरंशुभ्र करणं एवढीच त्याची विद्या, पण तोरा केवढा! आणि मालकांचा हुकूम असा, की प्रत्येक फोटो त्याच्याच हातून बाहेर जायचा.

परवा सकाळी सखुबाई कोळीण आली. मासे साफ करताना काटा डोळ्यात गेलेला, औषधाने उतार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळावरून खरवडून घेतलेल्या नमुन्याची काच तिच्या हातात होती.

"बाय, डोला वाचंल ना माजा?"

ताईंनी पाहिलं. फिकट, जेमतेम दिसणारे धागे. बुरशी! फोटो हर्षदच्या हातून मुलुंडच्या नमिता डॉक्टरांकडे गेला. फोटो बघून रिपोर्ट त्याच देतात. दुपारी रिपोर्ट आला: बुरशी नाही.

डॉक्टरांकडे गेलेला फोटो ताईंनी उघडला. मागचं सगळं दुधासारखं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात धागेही पुसलेले. संतापाने त्यांच्या तोंडून मालवणीच निघाली. "मेल्या, ह्यां काय केलंस?"

"ताई, बॅकग्राउंड घाण होतं ना. आता झकास दिसतंय."

त्याच्याशी डोकं न लावता ताईंनी डॉक्टरांना फोन केला आणि मूळ फोटो, कोरा फोटो, आपण दुरुस्त केलेला, असे तिन्ही पाठवले. तासाभरात रिपोर्ट बदलला, सखुबाईचं औषधही बदललं.

संध्याकाळी मालकांनी बोलावलं. चूक कोणाची हे विचारायला नव्हे. डॉक्टरांना परस्पर फोन का केला, हे विचारायला! ताईंनी हर्षदचा आणि आपला, दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले.

"तुमच्या आईचा डोळा असता, तर यातला कुठला पाठवला असता?"

मालकांनी हर्षदचा फोटो बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "तो नवा दिवा कितीला येतो?"

"डोळ्यापेक्षा स्वस्त," ताई म्हणाल्या.