शनिवारच्या बातम्या

मलकापूरजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये बातम्या सुरू झाल्या, तेव्हा कॅमेरा म्हणजे माझा मोबाइल होता. प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टँडला तो रबरबँडनं बांधायचा, मागं स्नेहसंमेलनाचा हिरवा पडदा लावायचा आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीत रेकॉर्डिंग करायचं. हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत रस्त्यानं जायचे. ते लांब जाईपर्यंत बातम्या देणारी पोरगी हसू दाबत उभी राहायची. शनिवारी सकाळी परिपाठानंतर सगळी शाळा हॉलमध्ये मांडी घालून ते पाच मिनिटांचं बातमीपत्र बघायची.

मी मराठी शिकवायचे, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. व्हिडिओ कसा जोडतात ते मला पोरांनीच शिकवलं. भाषेच्या बाबतीत मात्र मी कडक होते. नववीत एक मुलगी होती, घरचा ऊस, वडील फौजेत. आवाज खणखणीत, पण तोंडातलं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ काही जाईना. मी तिला दहादा थांबवायचे. शेवटी ती म्हणाली, “बाई, मी वाचत न्हाई. मी भाइर जाऊन बातमी आणते.”

तिनं पहिली बातमी आणली ती आमच्या शाळेतल्या शिपाई मावशींची. वरच्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ कित्येक महिने बंद होता. मावशी खालच्या टाकीवरून बादल्या भरून वर न्यायच्या. जिन्यात आम्ही त्यांना वाट द्यायचो; विचारलं कुणीच नव्हतं.

“मावशी, दिवसाला किती खेपा हुतात वो?”

“मी न्हाई मोजत बाय. गुडघं मोजत्यात.”

ते वाक्य मला फार आवडलं, आणि तरी मी ती बातमी काढून टाकली. शाळेची अब्रू, हेडसर, संस्थेची माणसं, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. त्या जागी चित्रकलेच्या परीक्षेचा निकाल घातला.

शनिवारी बातम्या संपल्या तेव्हा मावशी नवं लुगडं नेसून हॉलच्या दारात उभ्या होत्या. कसनुसं हसत म्हणाल्या, “आमचं काय लागलं न्हाई वो बाई?”

“वेळ कमी पडला,” मी म्हणाले.

मुलगी शेजारीच होती. मावशी गेल्यावर तिनं विचारलं, “तुमी काढलं व्हय?”

“हो. भ्याले मी.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं “बरं” म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

सोमवारी मी हेडसरांच्या खोलीत जाऊन ती बातमी त्यांच्यापुढं लावली. त्यांनी ती दोनदा पाहिली.

“या रोज बादल्या नेतात?”

“रोज. आपल्या समोरूनच.”

त्यांनी फाइलीची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, “प्लंबरला आजच बोलावतो. आता ही लावायची गरज आहे का?”

“आहे, सर,” मी म्हणाले. इतकं स्पष्ट मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली.

त्या शनिवारी मावशींना पुढं खुर्ची दिली. गुडघ्यांच्या वाक्याला पोरं आधी हसली, मग माना उंचावून मावशींकडं बघू लागली. बातमीच्या शेवटी मुलीनं वरच्या मजल्यावरच्या वाहत्या नळाचं दृश्य जोडलं होतं. मावशी पदरानं तोंड झाकून बसल्या होत्या. हसत होत्या की रडत, कळलं नाही.

त्यानंतर पोरं आपापल्या बोलीत बातम्या आणू लागली आणि मी टोकणं सोडलं. पुढं ग्रंथालयामागची खोली मिळाली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. माजी विद्यार्थ्यांनी कॅमेरा दिला. बातम्या यूट्यूबवर जाऊ लागल्या, तेव्हा त्या मुलीच्या वडिलांचा लांबच्या छावणीतून फोन आला. “बाई, घरात बोलती तशीच बोलती बघा पोरगी. लय बरं वाटलं.”

आता निवृत्त होऊन मी सांगलीत असते. शनिवारी चहा घेताना शाळेच्या बातम्या लावते. चेहरे ओळखीचे नाहीत. परवा बातमी देणारी मुलगी मध्येच अडखळली, मागून कुणीतरी “घे गं परत” म्हणालं, आणि पोरांनी तेही तसंच ठेवलं होतं.