वसुबारस, बंड्या आणि धुक्यातली पांढरी तोंडं

गेल्या वसुबारसेला मी आयुष्यात पहिल्यांदा गायीला घाबरले. तेही हातात हळदकुंकवाची डबी असताना...

आम्ही ऑस्ट्रेलियात टूवूंबाला राहतो. मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नवरा मंदार घरूनच आयटीवाला, आणि तिसरा बंड्या... शेल्टरमधून आणलेला आमचा काळा कुत्रा. आमचं मूलबाळ तोच, आणि देवघर, भांडण, सगळ्याच्या मध्येही तोच असतो.

सकाळीच सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. "तुमच्याकडे ढीगभर गायी आहेत म्हणतेस ना, मग यंदा खऱ्या गाय-वासराची पूजा कर की गं." मलाही पटलं. घरामागून निघणारा पब्लिक ट्रॅक एका फार्मच्या कुरणातूनच जातो आणि सध्या तिथे वासरंही आहेत. म्हटलं, शिफ्ट संपली की जाऊ... पूजाही होईल, बंड्याचा वॉकही होईल.

शेजारच्या शेरिल आजी कुंपणापाशी पाणी घालत होत्या. त्यांनी बजावलं, वासरं असताना कुत्रा घेऊन जाऊ नकोस, आणि गेलीसच आणि गायी अंगावर आल्या, तर त्याची लीश हातातून सोडून दे. तो पळेल, तुला पळता येणार नाही.

मी "नो वरीज" म्हणून निघाले. मनात म्हटलं, काय बाई आहे ही... पोटच्या पोरासारखं कुत्रं, ते सोडून द्यायचं? आणि गाय कशाला अंगावर येतेय? आमच्याकडे भारतात ती रस्त्याच्या मधोमध बसते आणि कुत्री तिच्या सावलीत झोपतात.

शिवाय मी सगळे नियम पाळले होते हं. बंड्याची शी उचलायची पू-बॅग खिशात. गेटची कडी लावून हलवून बघितलेली. लीश आखूड धरून मनगटाला वेढे दिलेले. जबाबदार डॉग ओनर म्हणून माझा पुतळा उभारायला हरकत नव्हती.

अर्ध्या वाटेवर फॉग आला. टूवूंबाचा फॉग विचारून येत नाही, डोंगराखालून चढतो आणि बसतो. मागे वळून बघितलं तर गेट दिसेना.

तेवढ्यात गवतात एक वासरू दिसलं... एकटंच, पाय दुमडून बसलेलं. मी हरखले. डबी उघडली, दोन पावलं पुढे गेले. बंड्याने मान लांब करून वास घेतला आणि तो हळूच एकदा भुंकला. बस, एकदाच.

मग एकदम सगळं शांत झालं. पक्षी नाहीत, हंबरणं नाही. फक्त कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, खोल आणि ओला... तो माझा नव्हता, बंड्याचाही नव्हता.

या कुरणातल्या गायींचं अंग तांबडं आणि तोंड पांढरं असतं. धुक्यात अंग दिसत नव्हतं. नुसती पांढरी तोंडं दिसत होती. एक समोर, मग एक डावीकडे... मग बघेन तिकडे.

"ये गं माते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. मी बघितलं की त्या थांबायच्या. मान वळवली की मागे गवत दबल्याचा आवाज यायचा. पुन्हा बघावं, तर तोंडं जवळ आलेली.

बंड्या घाबरून माझ्या उजवीकडून डावीकडे आला. सगळी तोंडं एकदम डावीकडे वळली. तो मागे सरकला, तोंडं मागे वळली. तेव्हा मला कळलं... त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांच्या लेखी मी, माझी डबी, माझी पूजा, काहीच नव्हतं. वासराजवळ एक कुत्रा आला होता, एवढंच होतं.

सगळ्यात मोठीने मान खाली घातली आणि पायाने माती उकरली.

मनगटाचे वेढे सुटता सुटेनात. शेवटचा सुटला तेव्हा बंड्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. "जा," म्हटलं, "जा रे राजा." आणि मी लीश सोडली.

तो धुक्यात गेला. तोंडं गर्रकन वळली आणि त्याच्या मागे गेली. खुरांची धडधड माझ्या तळपायांना जाणवत होती... मग तीही थांबली.

मी आल्या वाटेने मागे जात कुंपण गाठलं आणि ते चाचपत गेटपर्यंत आले. बाहेर पडले, कडी लावली. हाक मारायचीही सोय नव्हती, कारण हाकेला ओ देत तो त्या कळपातूनच आला असता. म्हणून तोंड दाबून रडत उभी राहिले. थोड्या वेळाने पांढरी तोंडं एकेक करून परत आली. मधोमध ते वासरू, एका गायीच्या पोटाशी. बंड्या नव्हता...

आणि मागून माझ्या हाताला काहीतरी गार, ओलं लागलं.

बंड्या! चिखलाने बरबटलेला, लीश फरफटत. कुठूनतरी कुंपणाखालून निघून रस्त्याने फिरून आला होता. मी तिथेच चिखलात बसकण मारली.

मग गेटच्या बाहेरूनच हात जोडले. कुंकू कुणालाच लावलं नाही. शेरिल आजींकडे दुसऱ्या दिवशी चकल्या घेऊन गेले. सगळं ऐकल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "वासरू ठीक आहे ना?" मला हा प्रश्न रात्रभरात एकदाही सुचला नव्हता.

आता वासरं मोठी होईपर्यंत बंड्याचा वॉक रस्त्याने.

वसुबारसेच्या रात्रीच सासूबाईंचा फोन आला होता. पूजा झाली का म्हणाल्या. म्हटलं, झाली, लांबून.

"गाय गरीब होती ना गं?"

"नाही हो, आई... ती आई होती."