माइकवरून न घेतलेलं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही – आणि तिला माझ्या रक्तातली साखरसुद्धा माझ्याआधी कळते. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आमच्या मराठी मंडळाचं निवेदन वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावात एक हॉल भाड्याने घ्यायचा, समई लावायची, अध्यक्षांनी 'दोनच शब्द' म्हणून अर्धा तास घ्यायचा आणि मग मी त्यांची हळूच फिरकी घ्यायची. लोक त्यासाठीच येतात, असं मला वाटतं. निदान वाटायचं.

माधव माझा इथला सगळ्यात जुना मित्र. त्याच्या मुलाचं नाव निहार. बारसं मुलीचं म्हणून झालं होतं. ते नाव इथे लिहीत नाही. ज्या वर्षी निहारची शाळा संपली – रायस्वाइकच्या त्यांच्या घराच्या खिडकीबाहेर, इथल्या रीतीप्रमाणे, झेंड्याच्या काठीला दप्तर टांगलेलं मी पाहिलं होतं – त्याच वर्षी तो एकदा एकटाच माझ्याकडे आला. इथे वाढलेली मुलं मराठी समजतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. तो मात्र त्या दिवशी जुळवून जुळवून मराठीत बोलला. म्हणाला, "काका, दिवाळीच्या प्रोग्रॅममध्ये मला गुणगौरवाचा नारळ देणार ना? तेव्हा निहार म्हणाल? एकदाच. बाबा म्हणतात, लोक काय म्हणतील. पण माइकवरून तुम्ही म्हणालात तर लोक काहीच म्हणणार नाहीत."

मी म्हणालो, "म्हणेन की रे. त्यात काय?"

आणि खरंच, त्यात काय होतं? घरात मी त्याला सहज निहार म्हणत होतो. असं म्हणणारा मी पहिलाच. मला याचा – कबूलच करायचं तर – थोडा अभिमानही होता. माधवला विचारलं, तर तो चहा ढवळत म्हणाला, "तू म्हण आधी. सगळ्यांसमोर. मग मी म्हणेन." एका भित्र्या बापाने आपलं धैर्य माझ्याकडे ठेवायला दिलं होतं.

त्या दिवाळीला नारळ वाटण्याआधी मंडळाने वादविवाद ठेवला. विषय : एखाद्याला 'तो' म्हणायचं की 'ती', हे कायद्याने ठरवावं का? मी विरुद्ध बाजूने बोललो. माझं मत आजही तेच आहे – सरकारने कुणाच्या तोंडात शब्द कोंबू नयेत. ते मत हा माझा गुन्हा नाही. त्यामागे मी लपलो, हा आहे. कारण इथे तसा कायदा नव्हताच. मला कुणी पकडून नेणार नव्हतं. धोका नसलेल्या जागी मी शूरपणा करत होतो, आणि लोक टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेत बसणाऱ्या, मंडळातल्या म्हाताऱ्या नानांनी तर "वा, निर्भीड!" अशी दाद दिली.

त्या टाळ्या अजून विरल्या नव्हत्या, तेवढ्यात गुणगौरव सुरू झाला. टेबलावर इथल्या सुरिनामी लोकांच्या दुकानातून आणलेले नारळ, घडी घातलेल्या शाली. एकेक मूल येत होतं. मग निहारची पाळी आली. तो कुर्ता घालून पडद्याजवळ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. माधवनेही.

आणि मला काय वाटलं ठाऊक आहे? आत्ता 'निहार' म्हटलं तर नाना म्हणतील, दहा मिनिटांत पलटला. बस, एवढंच. एका म्हाताऱ्याची एक दाद हातची जाईल. मी माइक जवळ घेतला आणि म्हणालो, "यापुढचं नाव, कायदा येण्याआधी घाईघाईने घेऊन टाकतो – कुमारी –" आणि ते जुनं नाव, आडनावासकट. 'कुमारी'वर जोर देऊन.

हॉल हसला. माझं विनोदाचं टायमिंग चांगलं आहे.

निहार आला. त्याने नारळ घेतला, वाकून नमस्कारही केला. माधव टाळ्या वाजवत होता, खाली बघून.

कार्यक्रमानंतर, टांगलेल्या कोटांच्या रांगेपाशी निहारच माझ्याकडे आला – मी गेलो नाही. "इट्स ओके, काका," तो म्हणाला. "सवय नाही ना. आई पण विसरते."

"हो रे," मी म्हणालो. "विसरलो. वय झालं."

मी विसरलो नव्हतो. त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं, दुसरं काढलं आणि वर त्याची माफीही खिशात घातली – विसरभोळ्या माणसाला मिळते ती.

दुसऱ्या दिवशी माधवचा फोन आला. त्याने माझे आभार मानले! "बरं झालं, हसण्यावारी गेलं. तुलासुद्धा जमलं नाही, तर मला काय जमणार?" मी काय म्हणालो? "बघू पुढे," म्हणालो. ते पुढे आलंच नाही. माधव आजही मुलाला जुन्या नावानेच हाक मारतो, आणि त्यामुळे निहार घरी फारसा येत नाही. त्याची आई सांगते, घरात भांडण झालं की तो म्हणतो, "काकांनी निदान ट्राय तरी केलं."

मी काहीही ट्राय केलं नव्हतं. हे मी तिलाही सांगितलं नाही. माधवलाही नाही. एक फोन पुरला असता.

अलीकडेच कामासाठी एनस्खेडेला गेलो होतो. निहार आता तिथेच विद्यापीठात संशोधन करतो. स्टेशनवर सायकल घेऊन आला, दाढी राखलेली, सोबत एक मैत्रीण. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो तिला म्हणाला, "हे माझे काका. मला निहार म्हणणारे पहिले."

तिने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

मी तो हातात घेतला आणि म्हणालो, "हो."